पन्नाशीच्या आतल्या गाड्यांचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या खासगी गाड्यांची पुनर्नोंदणी आणि वाहने मोडीत काढण्याचे धोरण यांविषयीच्या बातम्या मी नेहमी लक्षपूर्वक वाचतो. त्यांत गाड्यांचे दोनच वर्ग आढळतात. एक मोडीत निघायच्या गाड्यांचा, आणि दुसरा रॅलीत मिरवणाऱ्या, संस्थानिकांच्या काळातल्या मोठ्या मोटारींचा. प्रीमियर पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड, सुरुवातीच्या मारुती ८०० अशा ज्या लहान गाड्या मध्यमवर्गीय घरांनी पै पै साठवून घेतल्या आणि ज्या आजही नागपुरातल्या कितीतरी अंगणांत टिनाच्या शेडखाली उभ्या आहेत, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. अशी एक गाडी मी घरच्या घरी पुन्हा उभी केली. त्या अनुभवावरून या गाड्यांना नियमांत स्वतंत्र जागा मिळावी, एवढीच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमची पद्मिनी १९८१ सालची. वडील पाटबंधारे खात्यात होते आणि पैसे भरून दीर्घ प्रतीक्षेनंतर ती त्यांना मिळाली. रामटेक, वर्धा, चिखलदरा असा सारा प्रवास आम्ही तिच्यातून केला. वडिलांची दृष्टी अधू झाल्यावर २०१४ पासून ती एका जागी उभी राहिली. पुढे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्तीत शिरले आणि गाडीच्या सीटपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर दारे उघडली तेव्हा आत बोटभर जाडीचा काळा गाळ बसलेला होता, ब्रेकच्या ड्रमपासून सेल्फपर्यंत सगळीकडे. त्याच आठवड्यात भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला आणि घरातल्या बहुतेकांचे मत तो घ्यावा असेच पडले.

मी नकार दिला, तो केवळ भावनेपोटी नव्हे. आमच्या गल्लीतल्या दोन नव्या गाड्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत पाणी गेल्यामुळे विम्याच्या दृष्टीने पूर्ण बाद ठरल्या. पद्मिनीत अशी यंत्रणाच नाही. तिचे चार सिलिंडरचे इंजिन १०८९ सीसीचे, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची चाल). मूळ रचना इटलीच्या फियाट ११०० ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने १९५० च्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर काढली. कार्बोरेटर, मेकॅनिकल पेट्रोल पंप, डेल्कोतला (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधला) पॉइंट आणि कंडेन्सर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, मागे स्प्रिंगचे पाटे. यांतली प्रत्येक वस्तू पान्याने सुटते, धुता येते, वाळवता येते आणि पुन्हा बसवता येते. ज्याला वेळ काढता येईल आणि शिकायची तयारी असेल अशा घरच्या माणसाला पेलेल अशीच ही गाडी आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये काम सुरू केले. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपल्याची बातमी आली. पुरात बुडालेल्या गाडीला प्रथम किल्ली लावून पाहण्याचा मोह होतो आणि तीच मोठी चूक ठरते, हे मला मोमिनपुऱ्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी बजावले. इंजिनचे तेल काढले तर ते चहासारखे दुधाळ निघाले. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले, वर चिंध्या कोंबल्या आणि आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी समोरच्या बाजूने हँडल लावले. जोर करायचा नाही, थोडे पुढे, थोडे मागे, एवढेच करायचे असे त्यांनी सांगून ठेवले होते. पाऊण तास काहीच झाले नाही. मग हाताला अगदी बारीक, जेमतेम जाणवेल असा एक ढिलेपणा आला, आणि चौथ्या प्लगच्या भोकातून काळपट डिझेल माझ्या बाहीवर उडाले. नऊ वर्षांनी इंजिन फिरले होते. वडील खिडकीत बसून ऐकत होते, त्यांनी तिथूनच "फिरलं का रे?" असे विचारले.

इंजिनापेक्षा पत्र्याचे काम अवघड निघाले. पद्मिनीला वेगळी चासी नसते, खालचा पत्रा आणि दारांखालची पेटी हाच तिचा सांगाडा. म्हणून तो सडला असेल तर वरून लांबी (पुट्टी) भरून आणि रंग मारून गाडी चकचकीत करणे ही स्वतःची आणि पुढे ती चालवणाऱ्याची फसवणूक होय. मिस्त्रीकाका जमिनीवर आडवे झाले आणि लहान हातोडीने इंचाइंचावर टिचक्या मारत गेले. "आवाज ऐका, साहेब. हा पत्रा जिवंत आहे, हा गेला." चांगल्या पत्र्याचा आवाज टणक येतो, गंजलेल्याचा मातीच्या फुटक्या मडक्यासारखा. खडूने खुणा करत गेलो तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा जवळजवळ सगळा भाग आणि डावी पेटी निकामी असल्याचे दिसले. पुठ्ठ्याचे साचे कापून, त्यावरून नवा पत्रा कापून, जुन्याच्या जागी थोड्या थोड्या टाक्यांनी वेल्डिंग करत बसवायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला. एकाच जागी सलग वेल्डिंग केले की पत्रा तापून वाकतो, म्हणून एक टाका इथे, तर दुसरा हातभर दूर.

आणखी एक गोष्ट इथे सांगणे मला आवश्यक वाटते. पहिल्या महिन्यात मी गाडी जॅकवर चढवून खाली विटा लावल्या होत्या. मी बाहेर आल्यावर काही मिनिटांतच वीट फुटली आणि गाडी एका कुशीवर आली. घरी हे काम करू इच्छिणाऱ्यांनी लोखंडी स्टँड घेतल्याशिवाय गाडीखाली डोके घालू नये. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ देऊ नये. ब्रेकचे काम जाणत्या माणसाच्या नजरेखालीच करावे.

नागपूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा फवारलेला रंग पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच सुकू लागतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमटपणामुळे त्यावर पांढरट झाक येते. म्हणून रंगकाम आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात केले. ओल्या वॉटर पेपरने दार घासताना वरचा पांढरा रंग गेला, त्याखाली वडिलांनी कधीतरी मारून घेतलेला करडा आला, मग कारखान्यातला मूळ फिकट निळा, आणि सर्वांत खाली रेडॉक्साइडचा विटकरी थर. तळहाताएवढ्या जागेत ही चारही वर्तुळे एकात एक दिसत होती. मूळ निळ्या रंगाचा तो तुकडा रंगाच्या दुकानात नेऊन आम्ही रंग जुळवून घेतला.

उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणे आणि पंपावर ओले फडके ठेवून ती पुन्हा चालू करणे हा पद्मिनीच्या जुन्या मालकांचा परिचित अनुभव. आता त्यात वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते, शिवाय हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. आम्ही सर्व नळ्या व पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले आणि टाकी कधीही अर्धवट ठेवून उभी करत नाही. जुनी गाडी बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाने हे काम सर्वांत आधी करावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पंधरा वर्षांची झाली की खासगी गाडी मोडीत काढावीच लागते, असा समज शहरात इतका पसरला आहे की अनेक कुटुंबे चौकशी न करता गाडी वजनावर देऊन टाकतात. वस्तुस्थिती तशी नाही. पेट्रोल गाड्यांवरील पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि परिसरासाठी होती. आपल्याकडे गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करता येते. मात्र त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढवण्यात आले. रोज धूर ओकत धावणाऱ्या गाड्यांना आळा बसावा हा त्यामागचा हेतू मला पूर्णतः मान्य आहे. पण महिन्यातून दोनदा, तीही सकाळच्या वेळी, सेमिनरी हिल्सपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीलाही तोच दंडक लावणे मला न्याय्य वाटत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांचा वर्ग निर्माण केला, हे उत्तम पाऊल होते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना त्यात व्हीए अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे असते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही. अडचण आहे ती पन्नास वर्षांच्या अटीत. आमच्या पद्मिनीला ही पन्नाशी २०३१ मध्ये लागेल. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली, म्हणजे या देशातील कोणतीही मारुती ८०० डिसेंबर २०३३ पूर्वी या वर्गात बसूच शकत नाही. तोपर्यंत यांतल्या किती गाड्या उरतील? उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा एका पावसाळ्यात किती खाल्ला जातो ते मी पाहिले आहे.

दुसरी अडचण सूक्ष्म असली तरी महत्त्वाची आहे. सांगाडा किंवा इंजिन यांत बदल करणारे मोठे काम झालेले नसावे, अशी त्या नियमाची अपेक्षा आहे. मूळ रूप जपण्यासाठी ती योग्यच आहे. परंतु जिचा खालचा पत्रा हाच सांगाडा आहे, त्या गाडीत सडलेल्या भागाच्या जागी त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा बसवणे हा बदल म्हणायचा की दुरुस्ती? माझ्या मते ती दुरुस्तीच आहे, आणि तिच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे आहे. नियमात हा भेद स्पष्ट शब्दांत असायला हवा, म्हणजे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाईल.

म्हणून माझी सूचना अशी की पंचवीस ते पन्नास वर्षांच्या खासगी गाड्यांसाठी जतन-वाहन असा एक वर्ग असावा. त्यात वर्षाला किती किलोमीटर चालवायचे याची मर्यादा घालावी, ब्रेक, दिवे, पत्रा आणि धूर यांची तपासणी आजच्यापेक्षा कडक करावी, आणि त्या बदल्यात शुल्क व कर माफक ठेवावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक खाते २०१४ पासून नागपूरचे खासदार श्री. नितीन गडकरी यांच्याकडे असल्यामुळे या मागणीची सुरुवात आपल्याच शहरातून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

नियमाइतकीच निकड कारागिरीची आहे. मिस्त्रीकाकांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांची मुले या धंद्यात नाहीत. हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) पत्र्याला गोलाई देणे, इंजिनच्या टॅपेटचा बिघाड कानाने ओळखणे, कार्बोरेटर उघडून जेट साफ करणे हे सारे त्यांच्या हातात आहे, लिहिलेले कुठेच नाही. श्रद्धानंदपेठेतील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने अशा कारागिरांना मानधन देऊन रविवारचा एक अल्पकालीन वर्ग चालवल्यास तेथील तरुणांना आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना ही विद्या शिकता येईल. आमच्या कामाची नोंद मी एका दोनशे पानी वहीत ठेवली आहे. कोणता नट कुठला, कोणता पत्रा किती जाडीचा, डाव्या पेटीला कडेने किती दुमड द्यायची याची मिस्त्रीकाकांनी स्वतः पेन्सिलीने काढलेली आकृती, हे सगळे तीत आहे. पत्र्याच्या आणि रंगाच्या कामाला हिवाळा सोयीचा असतो. पहिला वर्ग येत्या डिसेंबरात ठेवता आला तर ती वही घेऊन, पद्मिनी स्वतः चालवत मी तेथे हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक वाचक
अंबाझरी ले-आउट, नागपूर