इसार नाही म्हणून सौदा कच्चा नाही

महोदय,

आमच्या निफाड तालुक्यात एक समज घट्ट रुजलाय: इसार हातात पडला नाही, तर द्राक्षांचा सौदा कच्चा. याच समजापायी, व्यापाऱ्याने ऐन खुड्याच्या वेळी पाठ फिरवली तरी आमचे शेजारी गप्प बसले. १८७२ च्या करार कायद्याला प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात काहीतरी, लागतेच, पण ते रोखच हवे असे नाही. ‘माल देतो’ आणि ‘या भावाने घेतो’ ही वचनेच एकमेकांचे प्रतिफल ठरतात. अडते ते पुराव्यावर. म्हणून भाव, वजन, तारीख लिहून सही घ्याच. शिवाय मुदतबाह्य झालेली, म्हणजे दाव्याची मुदत उलटून गेलेली, बाकी फेडण्याचे लेखी, सहीनिशी दिलेले वचन कलम २५ नुसार नव्या प्रतिफलाविनाही बंधनकारक असते. बाजार समित्यांनी एवढे तरी फलकावर लावावे.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)