छापायलाही नाकारलेलं विधेयक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की वाचकांच्या पत्रांत एक पत्र हमखास असतं. विधान परिषद हवीच कशाला, तिथे बसून हे लोक करतात काय, हा पांढरा हत्ती पोसायचा किती दिवस? मी पदवीधर नाही, त्यामुळे त्या मतदारसंघात मला मत नाही. तरी लिहिते आहे, कारण अशाच एका मतदारसंघातून निवडून आलेल्या बाईंची सभागृहातली भाषणं मी गेले काही महिने वाचते आहे आणि त्यानंतर तो 'हवीच कशाला' माझ्याच्याने ऐकवत नाही.

या बाई म्हणजे मेरी रॉबिन्सन. देश आयर्लंड. माझी भाची डब्लिनला परिचारिका आहे. तिने मला तिथल्या सभागृहांची इतिवृत्तं मोबाइलवर उघडायला शिकवलं. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, शब्दकोश शेजारी घेऊनच बसावं लागतं. पण चाळीस वर्षं आरोग्य खात्यात पाळणा लांबवण्याचं काम केलेल्या बाईला या भाषणांतला विषय समजावून सांगावा लागत नाही.

तिथल्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, ६० सदस्य असतात, त्यांतले सहा विद्यापीठांचे पदवीधर निवडून देतात. १९६९ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधरांनी रॉबिन्सनबाईंना निवडलं, तेव्हा त्यांचं वय होतं २५. कायद्याच्या प्राध्यापक, आईवडील दोघंही डॉक्टर, घर कॅथलिक. आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधनं विकणं आणि देशात आणणं हा गुन्हा होता. गोळ्या तेवढ्या मिळायच्या, त्याही 'पाळी नियमित करण्याचं औषध' म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्या तर! हे वाचून मी पुस्तक मिटावं तसा मोबाइल मिटला आणि थोडा वेळ बसून राहिले. आपल्याकडे १९६८ पासून सरकार पंधरा पैशांत तीन निरोध विकत होतं, भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला होता.

१९७१ मध्ये रॉबिन्सनबाईंनी आणखी दोन सदस्यांच्या सह्या घेऊन हा कायदा बदलण्याचं विधेयक आणलं. विधेयक मांडायला परवानगी देणं ही एरवी निव्वळ औपचारिकता. ते छापून सदस्यांच्या हातात पडतं आणि मग वाद होतो. इथे परवानगीचा विषयच महिनोन् महिने पुढे ढकलला गेला. डब्लिनचे आर्चबिशप मॅक्वेड यांचं पत्र चर्चमधून वाचून दाखवलं गेलं. असा कायदा म्हणजे देशाला लागलेला शाप, असा त्याचा सूर. बाईंच्या घरी शिव्याशापांची पत्रं येऊ लागली. जुलैमध्ये सभागृहाने परवानगी नाकारली. विधेयक पडलं असंही म्हणता येत नाही, कारण ते छापूच दिलं नाही. त्याच १९७१ साली आपल्या संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला होता.

पण नकाराआधीच ती गोष्ट सभागृहाच्या भिंतीबाहेर पडली होती. त्या मे महिन्यात डब्लिनच्या काही बायका आगगाडीने बेलफास्टला गेल्या. ते शहर ब्रिटनच्या हद्दीत, तिथे ही साधनं उघड मिळत. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, तेव्हा त्यांनी ॲस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या. जकातवाल्यांना कुठे फरक कळणार होता? परतल्यावर डब्लिनच्या स्टेशनात सगळ्यांसमोर त्यांनी सामान दाखवलं. अडवण्याची हिंमत कुणाला झाली नाही.

नंतर एका मच्छीमाराची बायको कोर्टात गेली. पदरात चार मुलं, आणखी एक बाळंतपण म्हणजे जिवाला धोका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिने टपालाने मागवलेलं औषध जकात खात्याने जप्त केलं होतं. डिसेंबर १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. नवराबायकोच्या खासगी निर्णयात सरकारने शिरायचं नाही, असं घटनाच सांगते, हे न्यायालयाने मान्य केलं. मी किनाऱ्यावरच्या गावांत फिरले आहे. अशा किती मच्छीमारणी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या ते सांगता येत नाही.

रॉबिन्सनबाईंनी पुन्हा विधेयक आणलं. या वेळी ते छापलं गेलं, १९७४ मध्ये त्यावर चर्चाही झाली आणि ते हरलं. मग सरकारने स्वतःचं आणलं, तर पंतप्रधान कॉसग्रेव्ह यांनी आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं! १९७९ मध्ये अखेर कायदा झाला, तोही डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच, असा. चिठ्ठीची अट सुटायला १९८५ उजाडलं. जे १९७१ मध्ये छापायलाही नको होतं, ते चौदा वर्षांनी सरकारनेच केलं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं होईल. मी १९७६ मध्ये नोकरीला लागले. आणीबाणी होती. आम्हाला नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचं उद्दिष्ट होतं आणि ते पुरं झालं नाही तर पगार अडायचा. एका बाईला मी चुलीपुढून उठवून शस्त्रक्रियेला नेलं. तिला दोन मुलं होती, तिसरं हवं होतं. नवऱ्याला रेशनची भीती घातलेली होती. ती रडली नाही, मला काही बोललीही नाही. पुढे कितीतरी वर्षं ती बाजारात दिसली की मी दुसऱ्या पाणंदीने घरी जायची. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आपल्या वरिष्ठ सभागृहानेही ते अडवलं नव्हतं, हेही लिहिलंच पाहिजे.

म्हणून रॉबिन्सनबाईंचं म्हणणं मला इतकं लागलं. त्यांचा आग्रह मुलं कमी व्हावीत असा कधीच नव्हता. ठरवायचं ते त्या बाईने आणि तिच्या घराने, मध्ये सरकार नको आणि पाद्रीही नको, एवढंच त्यांचं मागणं. तिकडे सरकार 'नाही' म्हणून दारात उभं, इकडे 'हो' म्हणून. चुलीपुढे बसलेल्या बाईला दोन्ही सारखंच.

१९८३ मध्ये आयर्लंडच्या घटनेत आठवी दुरुस्ती झाली. आई आणि पोटातलं मूल यांचा जगण्याचा हक्क सारखा, अशी. रॉबिन्सनबाईंनी सभागृहात विरोध केला. हे शब्द संदिग्ध आहेत, प्रसंग आला तर डॉक्टरांनी काय करायचं, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती जनमताने मंजूर झाली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉलवेच्या एका रुग्णालयात सतरा आठवड्यांची एक गरोदर बाई गेली. बेळगावात वाढलेली, शिकलेली, दंतवैद्य. गर्भ वाचणार नाही हे कळूनही गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपाताला नकार मिळाला आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून ती गेली. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर दिली होती, मला आठवतं. त्याच्या एकोणतीस वर्षं आधी सभागृहात कुणीतरी नेमका हाच प्रश्न विचारला होता, हे मात्र कुठे वाचलं नव्हतं. मे २०१८ मध्ये ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती दुरुस्ती काढून टाकली, तेव्हा पंतप्रधान होते डॉक्टर लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं गाव वराड, आमच्याच मालवण तालुक्यातलं.

असं धाडस आपल्याकडे झालंच नाही, असं कुणी समजू नये. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा अशासकीय, म्हणजे सरकारने नव्हे तर सदस्याने स्वतःहून आणलेला, ठराव आला. त्यामागे डॉ. आंबेडकर होते. ते हजर नव्हते, म्हणून त्यांचं भाषण पी. जे. रोहम यांनी केलं. बाजूने ११ मतं, विरुद्ध ५२.

आता विधान परिषदेबद्दल. जून २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचा विषय नीलम गोऱ्हे यांनी तिथे मांडला. उत्तरात तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांना सांगावं लागलं की तीन वर्षांत त्या जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर चौकशी समितीही नेमली गेली. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं मत कुणाच्या हिशेबात फारसं नसतं. निवडणुकीच्या दिवशी ती कुठल्या फडावर असेल सांगता येत नाही. तिचा प्रश्न त्या दिवशी ज्या सभागृहात निघाला, तेच आपण 'हवंच कशाला' म्हणतो आहोत.

पदवीधरांच्या उमेदवारांना भरती, पेन्शन, शिक्षकांची पदं हे प्रश्न जरूर विचारावेत, माझ्या घरातही ते आहेत. त्यासोबत आपल्या वार्ताहराने प्रत्येक उमेदवाराला आणखी एक गोष्ट विचारावी, अशी विनंती आहे. सहा वर्षांत तुम्ही कोणतं अशासकीय विधेयक आणाल? पक्षाने डोळे वटारले तरी आणाल का? उत्तरं छापावीत. ज्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडावी. आणि अधिवेशन चालू असताना, गोंधळ आणि सभात्याग छापून उरलेल्या जागेत का होईना, त्या दिवशी कुणी कोणता अशासकीय ठराव मांडला आणि त्याचं काय झालं याच्या चार ओळी द्याव्यात. माझी भाची डब्लिनहून १९७१ चं इतिवृत्त मला दोन मिनिटांत पाठवते. आपल्या परिषदेत गेल्या अधिवेशनात काय बोललं गेलं, हे मला मालवणात बसून तुमच्याच पानावरून कळणार आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, मालवण