सांगावा कुणाचा, ऐकायचा कुणी

साखर पेठ, सोलापूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय राजा,

काय बे, तुझा फोन आला तेव्हा मी तालमीत होतो. खाली यंत्रमागाची खटखट, वर आमचा ऑक्टोपॅड, त्यात तुझं अर्धंच ऐकू आलं. नवा कंट्रोलर (नुसत्या पट्ट्यांचा, स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड) घेतलास, जुन्या साउंड मॉड्यूलला (नुसता आवाज काढणाऱ्या डब्याला) जोडलास आणि एकही पट्टी वाजेना, एवढं कळलं. घरी येऊन तू पाठवलेला फोटो नीट पाहिला. हे फोनवर सांगून भागायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मॉड्यूल बिघडलेलं नाही. कंट्रोलरला फक्त यूएसबी आहे, मॉड्यूलला पाच पिनांची गोल मिडी (मिडी म्हणजे वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा), आणि मध्ये तू ती यूएसबी-मिडी वायर घातलीस. यूएसबीत एक यजमान लागतो, बाकी सगळे पाहुणे. तुझा कंट्रोलर पाहुणा आणि ती वायरही पाहुणीच. दोघं दारात उभे आहेत, घरात कुणीच नाही. मध्ये लॅपटॉप ठेव, नाहीतर यूएसबी होस्टची छोटी डबी मिळते ती घे. लॅपटॉप ठेवलास तर कंट्रोलरकडून आलेलं त्या वायरीकडे पाठवायचं, हे सॉफ्टवेअरमध्ये तुलाच सांगावं लागेल. वायरीचं ‘आउट’ लिहिलेलं टोक मॉड्यूलच्या ‘इन’मध्ये जातं. तरी वाजलं नाही तर टोकं बदलून बघ, त्यानं काही जळत नाही.

आता मुख्य गोष्ट. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही रे, सांगावा जातो. ‘वाजव, ही पट्टी, इतक्या जोरात’, बस. मधली ‘पांढरी एक’ पट्टी म्हणजे मिडीच्या हिशेबात ६०, आणि जोर १ ते १२७. असा एक सांगावा तीन बाइटांचा असतो, आणि पाच पिनांच्या वायरीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट म्हटल्यावर तो पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पट्टी सोडली की ‘थांब’ असा दुसरा सांगावा. म्हणून सूर धरलेला असताना वायर उपटली तर तो ‘थांब’ पोचतच नाही आणि सूर अडकून बसतो. तेव्हा मॉड्यूलवर पॅनिकचं, म्हणजे सगळे सूर एकदम थांबवायचं बटण शोध.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत नॅमच्या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीनं जोडून दाखवले होते. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. एकमेकांचे स्पर्धक असून एका भाषेवर राजी झाले, म्हणून तुझं जुनं मॉड्यूल आजच्या कंट्रोलरचं ऐकू शकतं. मला हे फार मोठं वाटतं.

गेल्या गणपतीतली गोष्ट तुला सांगायची राहिली होती. लेझीमच्या एका कार्यक्रमासाठी पॅडवर हलगीचे आवाज हवे होते, ते मॉड्यूलमधून काढायचे ठरलं. पोरानं पॅडवर काठी मारली की हलगी वाजायची आणि तिच्याबरोबर पियानोचा एक भलताच सूरही. सगळ्यांनी वायरी बदलून पाहिल्या. वायरींचा दोष नव्हताच. एका वायरीत सोळा चॅनल, म्हणजे सांगाव्याच्या सोळा वेगळ्या वाटा असतात आणि माझा कीबोर्ड ‘ऑम्नी’वर होता, म्हणजे सोळाही चॅनलवरचं सगळं स्वतःलाच सांगितलंय असं समजून वाजवत होता. तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे: उजवा हात १ वर, डाव्या हाताचा बेस २ वर, पॅड १० वर. चिकटपट्टीवर मार्करनं लिहून ती कीबोर्डच्या पाठीला चिकटवली आहे. तूही आधी कागदावर लिही, कोण सांगणार आणि कोण ऐकणार, बाणासकट. वायर त्यानंतर हातात घे.

लॅपटॉप मध्ये आला की आणखी एक भानगड होते. कीबोर्ड स्वतः वाजतो आणि लॅपटॉपकडून फिरून आलेल्या सांगाव्यावर परत वाजतो. आवाज नळीतून आल्यासारखा होतो, शिवाय एका वेळी वाजणाऱ्या सुरांची संख्या अर्ध्यावर येते. कीबोर्डच्या मेनूत ‘लोकल’ (पट्ट्या आणि स्वतःचा आवाज यांची आतली जोडणी) ऑफ कर, लगेच स्वच्छ होतं. तुझ्या कंट्रोलरला स्वतःचा आवाज नाही, त्यामुळे तुला आज हा त्रास नाही. पण जुना कीबोर्ड जोडशील तेव्हा आठव.

तीन यंत्रं ओळीत लावायची असतील तर मधल्याच्या ‘आउट’मधून नको, ‘थ्रू’मधून पुढे ने. आउट स्वतःचं बोलतं, थ्रू आलेलं तसंच पुढे देतं. त्याहून जास्त असतील तर थ्रू बॉक्स घे, तो एकच सांगावा अनेकांना वाटतो. आणि हल्लीच्या छोट्या यंत्रांवर हेडफोनसारखं ३.५ मिमीचं भोक असतं, त्यात आतल्या जोडणीचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ मध्ये ए हा प्रमाण ठरला, त्याआधीचं यंत्र घेताना विचारून घे.

पाच पिनांवर माझा जीव का आहे तेही सांगतो. मांडवात जनरेटरवर सगळं चालू होतं, लॅपटॉप चार्जरला, कीबोर्ड यूएसबीनं लॅपटॉपला, दोघांचा आवाज मिक्सरला. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. चार्जर काढला की गायब, लावला की हजर. मग कीबोर्डची यूएसबी काढून लॅपटॉपला लावलेल्या मिडी इंटरफेसमधून पाच पिनांची वायर कीबोर्डला घातली आणि चार्जर लावूनही शांत. कारण मिडी इनच्या आत एक इवलासा दिवा असतो. सांगावा विजेनं येतो, उजेडानं पलीकडे जातो, आणि पलीकडे परत वीज होतो. दोन यंत्रांच्या विजेचा एकमेकींशी संबंधच येत नाही. १९८३ सालीच हा विचार करून ठेवलाय, बघ!

मॉड्यूलच्या मॅन्युअलचं शेवटचं पान काढ. तिथे एक तक्ता असतो, गोल म्हणजे येतं, फुली म्हणजे येत नाही. त्याचा फोटो आणि मॉड्यूलच्या पाठीचा फोटो उद्या पाठव. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येशीलच, तेव्हा मॉड्यूल घेऊन ये. माझ्याकडे पाच पिनांच्या दोन वायरी जास्तीच्या आहेत, त्या तुझ्या नावानं बाजूला ठेवल्यात.

तुझाच,
बंड्या