कोपरीच्या वाइंडिंगवाल्या काकांना, एका आरसी गाडीवालीकडून

काका, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, बाजूला हो, मागे गिऱ्हाईक आहे" म्हणून कटवता, म्हणून इथे लिहितेय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच, आणि आमच्या ग्रुपमधल्या पोरांनीपण वाचलं तर बरंच.

तर झालं असं की रिमोटवर चालणारी आरसी गाडी मी सेकंडहँड घेतली, वन-टेन स्केलची (खऱ्या गाडीच्या एक दशांश), आणि विकणाऱ्याने आधीच सांगितलेलं की मोटर जळलीय, म्हणून तर स्वस्तात मिळाली. आता पुढे काय करू विचारलं तर सगळ्यांचं एकच, साधी ५४० (कार्बन ब्रशवाली मोटर) काढ, ब्रशलेस टाक, ४३०० केव्हीची (म्हणजे खूप जोरात फिरणारी) टाक, थ्री एस (तीन सेलची बॅटरी) लाव, उडेल गाडी. ती जळाली कशाने हे एकानेही विचारलं नाही. ते तुम्ही विचारलंत, तेही समोर दोन सबमर्सिबल पंप आणि एक ड्रिल मशीनचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) उघडं पडलेलं असताना.

तुम्ही मोटर नाकाला लावलीत, "वार्निश गेलं" म्हणालात, म्हणजे तारांवरचं इन्सुलेशन जळलं, मग कॅनचे (मोटरच्या पत्र्याच्या डब्याचे) कान सरळ करून आर्मेचर बाहेर काढलंत. कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) काळाकुट्ट, कार्बन जवळजवळ संपलेले. मला वाटलं झालं निदान. पण तुम्ही मोटर बाजूला ठेवून मोकळी गाडी हातात घेतलीत आणि चाक फिरवून बघितलंत, आणि ते चाक फिरेचना धड! मागच्या अ‍ॅक्सलवर केसांचा आणि दोऱ्यांचा गुंता, प्लास्टिकच्या बुशमध्ये माती घट्ट बसलेली, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) एकमेकांवर इतके दाबून बसवलेले की जरासुद्धा खेळ नाही. वर आधीच्या मालकाने टायर मोठे टाकलेले आणि पिनियनपण २५ दातांचा, म्हणजे स्पीडच्या नादात गिअरिंग दोन्हीकडून जड केलेलं.

मग ते मिक्सरचं सांगितलंत ना, ते मी आता सगळ्यांना सांगते. भांड्यात वाटण अडकलं की मिक्सर घुं करतो आणि खालचं लाल बटण उडतं, मोटर वाचते. या गाडीला तसलं बटण नाही. ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) गरम झाला तर बंद पडतो खरा, पण बहुतेक ईएससी स्वतःला वाचवतात, मोटरला नाही. मोटर जोरात फिरत असते तेव्हा तीच उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंट आटोक्यात राहतो, लोडने ती मंदावली की तो उलटा व्होल्टेज पडतो, करंट चढतो, आणि करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली गरमी चौपट. मी महापेला आयटीत बसते, इंजिनिअरिंगची डिग्री आहे माझी, पण हे इतकं सरळ मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तुमची अट, "आधी तसलीच साधी मोटर परत लाव, ती टिकली तर पुढचं बोलू." मला तेव्हा थोडा रागच आलेला खरं तर. पण बुश काढून बेअरिंग टाकले, पिनियन १९ चा केला, गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून मेश (दातांमधला खेळ) सेट केला, पट्टी फाटली नाही पाहिजे, नुसत्या घड्या उमटल्या पाहिजेत. नवीन ५४० ला दोन पेन्सिल सेलवर लोडशिवाय थोडा वेळ फिरवून कार्बन बसवून घेतले, मोटरच्या स्वतःच्या बुशला तेलाचा एक थेंब, कम्युटेटरला अजिबात नाही. तुमच्या डीसीवाल्या टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) आधी आणि नंतरचा करंट बघितला तेव्हा माझा राग गेला. तीच बॅटरी, तेच मैदान, आणि मोटर हाताला नुसती कोमट.

त्यानंतर तुम्ही स्वतःच म्हणालात, आता घे तुझी ती ब्रशलेस. केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती आरपीएम एवढं मी सांगितलं आणि तुम्ही कॅलेंडरच्या मागे लिहिलंत, ४३०० गुणिले टू एस (दोन सेलच्या) बॅटरीचे ७.४ व्होल्ट, म्हणजे ३१,८२०. "आणि लोडवर किती?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, दुकानदाराकडेही नव्हतं. मोठे टायर ठेवायचेत तर केव्ही कमी घे, हा सल्ला मानला आणि ३००० ची सेन्सर्ड (रोटर कुठे आहे ते ईएससीला सांगणारा सेन्सर असलेली) घेतली, टू एसवरच. टॉप स्पीड ग्रुपमध्ये सगळ्यात कमी असेल, असू दे, गवतातून हळू काढली तरी अडखळत नाही, आणि मला तेच हवं होतं.

पिनियन लहानापासून सुरू करून एकेक दात वाढवायचा आणि दर वेळी तीन-चार मिनिटं पळवून टेम्परेचर गन लावायची, मोटर सत्तर डिग्रीच्या वर गेली की एक दात मागे. आमच्यातला एकजण म्हणतो ब्रशलेसला काही होत नाही. होतं! साध्या ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट ८० डिग्रीच्या पुढे कमजोर व्हायला लागतात, आणि मॅग्नेट कमजोर झालं की तेवढ्याच ताकदीला करंट जास्त, मग अजून गरम. ऐरोलीच्या मे महिन्यातल्या उन्हात तर दोन बॅटरी पॅकच्या मध्ये गाडी सावलीत ठेवावीच लागते.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही काका. मोटर थंड करणाऱ्या हीटसिंकचा फॅन म्हणजे तुम्ही म्हणता तसा "नुसता दागिना" नाही. लोड जास्त असताना तो लपवाछपवी करतो हे मान्य, पण गिअरिंग बरोबर असेल तर उन्हाळ्यात त्याने फरक पडतो, मी मोजलाय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, निदान बेअरिंग काढून द्यायचे तरी घ्यायला हवे होते. ग्रुपमधली अजून दोन पोरं जळक्या मोटरी घेऊन येणारेत, त्यांच्याकडून नक्की घ्या, आणि आधी चाक फिरवून दाखवा त्यांना. टाँग टेस्टर शनिवारी ऑफिसवरून येताना आणून देते, सेल नवीन टाकलाय.