ईमच्या थडग्यापाशी थांबवणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस असं बजावलंत, म्हणून नुसतं 'काका'. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

डर्बीशायरमधलं ईम म्हणजे प्लेगचं गाव, एवढं वाचून आले होते. 1665 च्या सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे आलेलं कापड, त्यातून लागण, चौदा महिन्यांत 260 बळी, आणि रोग बाहेर जाऊ नये म्हणून वेशीच्या आत कोंडून घेतलेलं गाव. सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात रेक्टरची, म्हणजे तेव्हाच्या धर्मगुरूची, पत्नी कॅथरीन मॉम्पेसन हिच्या थडग्याचा फोटो काढून मी निघालेच होते. तुम्ही ओरडलात, "अगं, टोकाचे दगड बघ तरी!"

आणि गुडघ्यांची तक्रार करत करत ओल्या गवतात बसलातसुद्धा. एका टोकाला पंख फुटलेलं वाळूचं घड्याळ आणि लॅटिनमध्ये ताकीद: सावध राहा, घटका कधी भरेल ते तुम्हाला ठाऊक नाही. दुसऱ्या टोकाला कवटी, तिच्यापाशी दोनच शब्द: 'मला लाभ', म्हणजे मरण हाच लाभ. शेवाळावरून बोट फिरवत तुम्ही नावाचा मजकूरही लावून दिलात. रेक्टर विल्यमची पत्नी, राल्फ कार यांची कन्या, दफन 25 ऑगस्ट 1666. मुलांना यॉर्कशायरला धाडून ती नवऱ्याबरोबर गावातच राहिली होती. सावित्रीबाईंचं नाव आपण दोघांनी एकदमच काढलं. 1897 च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्याही गेल्या. आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी कॅथरीनला हवेचा वास गोड लागला होता म्हणे, ही गोष्ट सांगताना "ऐकीव आहे हं" असं तुम्ही आवर्जून म्हणालात. गाइड लोक असं म्हणत नाहीत.

मग मी जरा आगाऊपणे विचारलं, की आवारात कुणाला पुरायचं नाही असं गावाने ठरवलं होतं ना, मग हिचं थडगं इथे कसं? रेक्टरची बायको म्हणून? तुम्ही सारवासारव केली नाहीत. "दुसरं काय!" म्हणालात आणि गाडी काढून थेट चढावरच्या राइलीला नेलंत. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं तिथे शेतातच पुरली. गोल कुंपणभिंतीच्या आत ते साधे दगड बघितले आणि खालचं ते कोरीव थडगं मला वेगळंच दिसायला लागलं. कॅथरीनचं धैर्य त्याने कमी होत नाही, पण मान कुणाला मिळाला तेही कळतं. एकटी असते तर राइलीचा रस्ता मी शोधलाही नसता.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, प्लेग संडेला, कॅथरीनच्या थडग्यावर फुलं वाहतात. यंदा गेलात तर हॅनकॉकबाईंकडेही माझ्या वतीने चार ठेवा. पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, तेव्हा मेतकूट आणि भाजणी पाठवते आहे. तिथे मात्र नाही म्हणू नका. काकूंना नमस्कार.

तुमची,
लॅटिन न येणारी पाहुणी