पानीच्या ओट्यावरची बरणी

ईलिंग, लंडन
२८ डिसेंबर २०२५

ती. आई, बाबा आणि आजी,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, तुझ्या घरमालकिणीचा सण कसा झाला, आणि मी नुसतं ‘छान’ म्हणून विषय बदलला. ती तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती आणि मला जे सांगायचं होतं त्यात माझाच गाढवपणा होता. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, म्हणून सगळं लिहिते. आजीला मोठ्यानं वाचून दाखव.

पहिलं म्हणजे, मी तिला ‘पानी’ म्हणते. पोलिश भाषेत बाईमाणसाला मानानं ‘पानी’ म्हणतात, आपल्या ‘बाई’सारखं. पहिल्या दिवशी तिनं ‘मी पानी अमुक’ असं सांगितलं आणि मी तिला ग्लासभर पाणी आणून दिलं. तिनं ते पिऊनही टाकलं, बिचारीनं. ती पूर्व पोलंडातल्या लुब्लिनच्या बाजूच्या एका खेड्यातली. २००४ साली पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला आणि ब्रिटननं त्यांना लगेच कामाची परवानगी दिली, त्या लोंढ्यातली ही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ६ लाख १२ हजार लोकांनी आपली मुख्य भाषा पोलिश लिहिली, इंग्रजीखालोखाल तीच. तेव्हा इथं पोलिश दुकानांची वाण नाही. आमच्या रस्त्याला लागूनच एक आहे. २०७ नंबरच्या बसनं अक्स्ब्रिज रोड धरून पुढे गेलं की साउथॉल, तिथं मला मेथी, शेपू, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. म्हणजे एकाच रस्त्यावर तिचं माहेर आणि माझंही.

म्हणून मला सुरुवातीला कळेना, ही बाई नेमकं कशासाठी झुरते? दुकानात तर सगळं आहे. त्वारुग आहे, म्हणजे आपला चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी, तिकोनी पाकिटात. तो बटाट्यात कालवून, परतलेला कांदा घालून पिएरोगीत भरतात. पिएरोगी म्हणजे करंजीच, फक्त तळायच्या ऐवजी पाण्यात उकडलेली. मुरड मात्र माझ्याकडून तुझ्यासारखी पडत नाही आणि तिच्यासारखीही पडत नाही. ताक आहे, केफिर नावाचं ताकासारखं आंबवलेलं दूध आहे, वीस प्रकारची सॉसेजेस आहेत. ‘इंका’ आहे, १९७१ पासून निघणारी, राय, बार्ली आणि चिकोरी भाजून केलेली बिनकॉफीची कॉफी. पानी ती रात्री दुधात घालून पिते. ‘क्रुव्की’ नावाच्या गोळ्या आहेत, अर्थ ‘छोट्या गाई’. कागदावर गाय, आत थेट कंदी पेढा, सातारचा नव्हे पण चुलत भाऊ नक्की. दादाच्या पोरांसाठी एक पुडा बाजूला ठेवलाय.

तर एवढं सगळं असताना ही दर रविवारी चर्चमधून आली की मैत्रिणींबरोबर बसून एकच रड: ‘प्राव्ये.’ हा शब्द मी पहिला शिकले. अर्थ ‘जवळपास’. दुकानातला पाव खाल्ला, प्राव्ये. काकडीचं लोणचं खाल्लं, प्राव्ये. आपल्याकडे गावाबाहेरची मिसळ खाताना बाबा जो चेहरा करतात ना, तसा चेहरा.

हळूहळू मला उमगलं. डब्यात, पाकिटात बसतं ते सगळं इथं येतं. जे आंबतं, फसफसतं, ज्याला ओट्यावर आठ दिवस राहायचं असतं, ते येत नाही. त्यांची खरी चव आंबटाची आहे, आई. व्हिनेगरच्या आंबटाची नव्हे, त्याला पानी नाक मुरडते. इंग्रजांचं काकडीचं लोणचं तिच्या मते साखरेच्या व्हिनेगरमध्ये बुडवून मारलेली काकडी. त्यांची काकडी मिठाच्या पाण्यात लसूण, हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ आणि शेपूचे फुललेले तुरे घालून आपोआप आंबवायची. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच काढली तर तिचं नाव वेगळं, कमी मिठाची, अजून हिरवी, कचकन तुटणारी. ती बरणीबंद विकताच येत नाही, कारण ती दुकानापर्यंत पोचेस्तोवर ‘जुनी’ झालेली असते.

हो, शेपू! दादाला सांग, त्याचा शत्रू इथं राजा आहे. नव्या बटाट्यावर शेपू, काकडीत शेपू, सूपमध्ये शेपू. मी साउथॉलहून जुडी आणून मूगडाळ घालून सुकी भाजी केली तेव्हा पानी बघतच राहिली. जी वस्तू ती चिमटीनं भुरभुरवते तिची मी अख्खी जुडी शिजवली. दोनदा वाढून घेतली मात्र.

पण सगळ्यात जास्त ती हळहळते ते दुधासाठी. त्यांच्या गावी धारेचं दूध मातीच्या भांड्यात झाकून ठेवायचे, दीड-दोन दिवसांत ते आपसूक बसायचं. विरजण नाही, काही नाही. नावाचा अर्थही जवळपास ‘बसलेलं दूध’ असाच. उन्हाळ्यात दुपारी गरम नवे बटाटे, वर शेपू, शेजारी वाडगाभर गार बसलेलं दूध, एवढंच जेवण. इथं आल्यावर तिनं दुकानातलं दूध तसंच ठेवून बघितलं. पाश्चराइज केलेल्या दुधातले आंबवणारे जंतू उष्णतेनं मेलेले असतात, त्यामुळे ते बसलं नाही, नासलं. कडू झालं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतानाही तिचं तोंड वाकडं होतं. मी म्हटलं, थांबा. माझ्याकडचं विरजण लावून कपाटात ठेवलं, सकाळी घट्ट दही. तिनं बटाट्याबरोबर खाल्लं, खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘प्राव्ये.’ पण या वेळी चेहरा मिसळीचा नव्हता.

पूर्वी तिची आई गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पिशवी द्यायची, घरचं वाळवलेलं सॉसेज, चीज. तेही २०२५ च्या एप्रिलात बंद झालं. युरोपात गुरांना लाळ्या-खुरकूत आली म्हणून प्रवाशांनी तिकडून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायलाच इथल्या सरकारनं मनाई केली. बाबा, लाळ्या-खुरकुतीचा मला इथं त्रास होईल असं वाटलं नव्हतं ना तुम्हाला? पानी आईशी फोनवर बोलताना आता फक्त पावाविषयी भांडते. त्यांच्या लुब्लिनकडे ‘त्सेबुलाश’ नावाची चपटी भाकरीएवढी पोळी असते, वर कांदा आणि खसखस. ती मांस नाही, दुधाचा पदार्थ नाही, मग पाठव की! म्हातारी म्हणते, चार दिवसांत दगड होतो, दगड कशाला पाठवू.

चहाचंही सांगते, ओरडू नकोस. मी आपला आलं घालून, दूध घालून, उकळून चहा करते. पानी पहिल्या आठवड्यात माझ्याकडे फार मायेनं बघायला लागली, पोटाकडे बघायला लागली. त्यांच्यात दुधाच्या चहाला ‘बाव्हार्का’ म्हणतात आणि तो जुन्या समजुतीप्रमाणे अंगावर पाजणाऱ्या बायांना देतात, दूध वाढावं म्हणून. बाकीचे सगळे काळा चहा लिंबू पिळून, काचेच्या ग्लासात. मी शपथेवर सांगितलं की कोल्हापुरात पुरुषसुद्धा हाच पितात. तिला अजून खात्री नाही.

आता गाढवपणा.

२४ डिसेंबरची रात्र त्यांची मोठी. ‘विगीलिया’ म्हणतात. त्या दिवशी मटण-कोंबडी वर्ज्य, मासे चालतात, आणि ताटात बारा पदार्थ असावे लागतात. त्यातला पहिला म्हणजे बिटाचं पातळ सार, बार्श्च. रंग आपल्या तांबड्या रश्श्याला लाजवेल असा आणि चव आमसुलाच्या साराच्या जवळ जाणारी, आंबट, किंचित गोड, मागून लसूण. त्यात मश्रूम भरलेल्या इवल्या उकडलेल्या करंज्या सोडतात, त्यांना ‘कान’ म्हणतात. आंबटपणासाठी बिटाच्या फोडी मिठाच्या पाण्यात लसूण, तमालपत्र, ऑलस्पाइस घालून हप्ताभर आंबवायच्या. पानीनं तशी मोठी बरणी ओट्यावर, रेडिएटरजवळ, फडकं बांधून ठेवली होती.

मी १९ तारखेला नाइट ड्यूटी करून सकाळी आले. रात्रभर वॉर्डात काय काय बघून डोकं बधिर झालेलं. ओट्यावर बघते तर बरणीत काळसर लाल पाणी, वर पांढरी साय आणि फेस, वास तर विचारू नकोस. मला वाटलं, पानी विसरली वाटतं, सणाच्या गडबडीत हिचं बीट सडलं. चांगुलपणा उतू चालला होता ना माझा! सगळं सिंकमध्ये ओतलं, फोडी कचऱ्यात, बरणी घासून, गरम पाण्यानं धुऊन, उपडी घालून, मी जाऊन झोपले.

दुपारी उठले तर पानी स्टुलावर बसलेली, मांडीवर ती लखलखीत बरणी. ओरडली नाही. फक्त म्हणाली, ‘सहावा दिवस होता.’ ती पांढरी साय चमच्यानं काढून टाकायची असते, एवढंच. आजी, तुझ्या आंबिलीचं मडकं कुणी असं घासून ठेवलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे, म्हणून मी जास्तच रडले.

दुकानात बार्श्च तयार मिळतं, खोक्यात. तिनं एक आणलं, चमचाभर चाखलं, झाकण लावलं. मग चर्चमधल्या एका बाईनं तिच्या बरणीतलं बाटलीभर दिलं. सणाच्या दिवशी जे सार झालं ते अर्धं त्या बाटलीतलं आणि अर्धं खोक्यातलं. पाहुण्यांतलं कुणी काही बोललं नाही. पानीनं एकदा माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे.

पाहुणे म्हणजे लंडनजवळच्या स्लाउ गावाहून आलेली तिची बहीण, मेहुणा आणि त्यांची दोन पोरं. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं असतं. इथल्या ढगांत चांदणी कुठली, चारला अंधार पडला की बसायचं. टेबलक्लॉथखाली मूठभर वाळलं गवत. आधी एक पातळ पांढरी पापडी सगळ्यांनी एकमेकांच्या हातातून तोडून खायची आणि एकमेकांचं भलं चिंतायचं. मला मेहुण्यानं पोलिशमध्ये बरंच काही चिंतलं, कळलं काहीच नाही. एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. मला वाटलं ते माझं. मी तिकडे बसायला गेले तर पानीनं हाताला धरून उठवलं, माझं ताट तिच्या शेजारी होतं. ते ताट शेवटपर्यंत तसंच रिकामं राहिलं.

आणि शेवटी आली कुत्या. बाबा, हसू नका, नाव तसंच आहे. सडून कोंडा काढलेले गहू भिजवून, शिजवून, त्यात वाटलेली खसखस, मध, अक्रोड, बेदाणे. त्यांची खसखस निळी-काळी असते, म्हणून रंग मातकट. दुकानात वाटलेल्या खसखशीचे डबे मिळतात, पण पानीनं तीन वेळा यंत्रातून काढली. गहू मात्र माझे होते! तिला हवे तसे मिळेनात, मग मी साउथॉलहून हलीमला लागतात ते सडलेले गहू आणून दिले. हे बरणीच्या आधीचं, नाहीतर तुला वाटेल मी माफी मागायला आणले.

पहिला घास घेतला आणि आई, गव्हाची खीर. गूळ नाही, नारळ नाही, दूध नाही, गारढोण, पण दाताखाली तो गव्हाचा दाणा जसा फुटतो, तसा दुसरं काही फुटत नाही. मला एकदम आपली परसातली चूल दिसली, आणि खपलीचे गहू उखळात सडताना आजीचा घामेजलेला चेहरा. त्या पोरांनी मात्र कुत्याला हात लावला नाही. ती इथंच जन्मलेली, त्यांना चॉकलेटचं ‘प्रिन्स पोलो’ हवं होतं. त्यांच्या आईनं दोनदा आग्रह केला, मग त्यांच्या वाट्याची स्वतःच खाल्ली.

मी पानीला चाखता चाखता म्हटलं, ‘प्राव्ये.’ सगळं टेबल हसलं.

आजीनं मागे सांगितलं होतं ना, वळिवड्याच्या कॅम्पातल्या पोलिश बायकांचं. मी जेवण झाल्यावर ते सांगितलं, की महायुद्धात रशियातून सुटून आलेले पाच हजार पोलिश लोक, बरीचशी बायका-मुलं, १९४३ ते १९४८ आमच्या गावाशेजारी राहत होती, आता तिथं गांधीनगर आहे, कापडाचा बाजार. मेहुण्याला आधी खरं वाटेना. फोनवर महावीर उद्यानातल्या स्मारकाचा फोटो दाखवला, आणि वॉर्सात कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारक आहे त्याचाही. मग पानीनं विचारलं ते मला कधी सुचलं नव्हतं: त्या बायका तिथं बार्श्च कशाचं करत होत्या? कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बिटाचं पाणी दोन दिवसांत आंबत असेल. आजी, तुला काही आठवतं का? त्यांच्या घरांतून कसला वास यायचा, बाजारात त्या काय मागायच्या, काहीही. आठवलं तर दादाला सांगून लिहून घे. पानी रोज विचारते.

आणि आई, खपलीच्या खिरीचं प्रमाण पाठव. ‘अंदाजानं’ असं लिहू नकोस, वाटीनं सांग. गूळ कधी घालायचा, सुंठ किती, गहू किती शिजल्यावर नारळाचं दूध. संक्रांतीला करायची आहे. नवी बरणी पानीनं कालच भरली. तिच्यावर तिनं माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून ठेवलंय, ‘हात लावू नये’.

सगळ्यांना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
ताई

ता. क. बाबा, गोळ्या वेळेवर घ्या. क्रुव्की तुमच्यासाठी नाहीत.