ॲप 'लाँच' झाले, पण सुटणार किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात आतल्या पानावर 'प्रवाशांसाठी नवे ॲप लाँच' असा मथळा होता. आमच्या शेजारच्या, सुकी मासळी विकणाऱ्या काकूंना तो नातवाने वाचून दाखवला. त्यांच्या कानात 'प्रवाशांसाठी' आणि 'लाँच' एवढेच राहिले. पाटी भरून माझ्या दारात हजर. "भाऊ, ही नवीन लाँच कितीची?" मी रेवसच्या धक्क्यावर ३१ वर्षे तिकिटे फाडली, म्हणून असले प्रश्न अजून माझ्याकडेच येतात.

आमच्याकडे लाँच म्हणजे 'ती', मुंबईला नेणारी प्रवासी होडी. ती सुटते, चुकते, ओहोटीला गाळामुळे धक्क्याला लागत नाही. नवख्या पाहुण्याला मात्र हमखास लागते, मग लिंबू शोधा. मथळ्यातले लाँच यातले काहीच करत नाही.

वाचनालयातला जाडजूड इंग्रजी कोश उघडला, तर दोघांचे गोत्रच वेगळे निघाले. आमची होडीवाली पोर्तुगीज 'लांशा'ची लेक. पोर्तुगीजांनीही तो शब्द बहुधा मलय भाषेतून उचललेला. तिकडे 'लांचार' म्हणजे चपळ. इंग्रजीत आला तेव्हा लढाऊ जहाजावर ठेवलेल्या मोठ्या होडीला तो लावत. आमच्या दक्षिणेला खाडीच्या दोन काठांवरचे रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून १७४० मध्ये मराठ्यांकडे आले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजातून उपजलेली बोली अजून ऐकू येते. मध्ये इंग्रज नसता, तर हा शब्द आम्हाला खाडीपलीकडूनच मिळाला असता!

मथळ्यातले लाँच मात्र फ्रेंचांकडचे. मूळ अर्थ भाला फेकणे. त्यावरून जहाज पाण्यात लोटणे, आणि आता साबणापासून सरकारी योजनेपर्यंत काहीही. इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग एक झाले, मराठीत उच्चारही एक, आणि भोगतात आमच्या काकू.

उपग्रह असला की तुम्ही 'प्रक्षेपण' लिहिता. क्षेप म्हणजे फेकणेच, म्हणजे भाला बरोबर जागी लागला. युद्धनौकेला 'जलावतरण' असते. मग ॲप 'सुरू झाले' म्हणायला काय हरकत होती? शिवाय चंद्रबिंदू उडण्याचा धोका आहेच. मागे एका दैनिकात 'नवी योजना लाच' असे छापून आले होते. ती चूक होती की बातमी, यावर आमच्या टपरीवर दोन दिवस वाद चालला.

काकूंना मी सगळे समजावले. पोर्तुगीजांपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी मध्येच तोडले, "म्हणजे त्यात बसून भाऊच्या धक्क्याला जाता येत नाही ना?" नाही म्हटल्यावर पाटी डोक्यावर घेतली आणि नेहमीची लाँच धरायला निघाल्या. भरती होती, म्हणून मिळाली.

आपला,
एक निवृत्त तिकीट कारकून,
रेवस (ता. अलिबाग)